लुगडं नेसलेली पपई

पपईचं फूल धुरपदाने ब्लेडने उभं चिरलं आणि उजेडात धरलं. पिवळट नळीच्या तोंडाशी परागाच्या पिशव्या दाटीवाटीने बसल्या होत्या. मध्यभागी, जिथे फळाची सुरुवात असायला हवी, तिथे टाचणीच्या टोकासारखा नुसता एक कोंब. आत पोकळी नाही, बीजांड नाही. झाड नर होतं. हे तिला पहिल्याच बहराला कळलं होतं, आणि कळल्यावरच तिने आईला शब्द दिला होता, "या पपईला फळ धरू दे, मग दौंडच्या स्थळाचं सांगते."

शिरूरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे शोभत नव्हतं. पण दौंडचा जालिंदर, रेल्वेच्या शेडमधला फिटर, नाकारावा असा माणूस नव्हता. आणि हो म्हणावं तर शाळा सुटणार. तेव्हा पपई बरी.

आक्काबाईने मात्र लेकीचा शब्द मनावर घेतला. तिने झाडाला शेणखत घातलं, राख घातली, भांडी घासलेलं पाणी वळवलं. तरी फळाचं चिन्ह दिसेना, तेव्हा शेजारच्या ताईबाईने उपाय सांगितला: झाडाला लुगडं नेसवावं, म्हणजे आपण बाई आहोत हे त्याला पटतं. आक्काबाईने ठेवणीतलं हिरवं इरकल काढून खोडाला नेसवलं, वर पदरही काढला आणि त्याच भरात दौंडला निरोप धाडला, "आता धरतंय फळ. येऊन जावा."

रविवारच्या एस.टी.ने जालिंदर आणि त्याची आई चांगुणाबाई येऊन उतरले. जयभीम झाला. जालिंदर परसात पाय धुवायला गेला तो तिथेच थबकला.

"मावशी, या कोण?"

"गप रं. पपई हाय."

"पदर झ्याक घेतलाय. पर मावशी, दीक्षा घेतली तवा असलं कायबाय करनार न्हाई म्हनून शपथ घेतली व्हती ना आपण?"

"पपईला लुगडं नेसवू नगा, असं न्हाई कुठं त्यात," आक्काबाईने ठणकावलं.

चहा परसातच आला. धुरपदा समोर बसली. जालिंदरनेच तोंड उघडलं. "बाई, एक विचारू? आमच्याकडं दवाखान्यात नवी पाटी लागलीय, गायनॅक वॉर्ड. शेडमधला आमचा खंडू म्हनतो, तिथं गाणाऱ्या बायांना ठेवत्यात."

धुरपदाला हसू फुटलं. हा विषय तिच्या हातचा होता. "जुना ग्रीक शब्द आहे, गुने. म्हणजे बाई. ग्रीक घरांत मागच्या अंगाला बायकांचं दालन असायचं, त्याचंही नाव याच शब्दावरून. फुलाच्या अगदी आत जिथे फळ धरतं, त्या भागाला शास्त्रज्ञांनी तेच दिलं. आपल्या पुस्तकात त्याला जायांग म्हणतात. जाया म्हणजे बायको."

"आन् त्या लोकांत बायकोला काय म्हनत?" चांगुणाबाईने बशी खाली ठेवत विचारलं.

"गुनेच. बाई म्हणजे गुने, बायको म्हणजेही गुने. नवरा हाक मारताना म्हणे, गुनाई! त्यात हेटाळणी नसायची. राणीलासुद्धा तीच हाक."

"बरंय की. आमच्या मालकांनी जलमभर 'अगं ए' केलं. राणीला बी तेच केलं असतं त्यांनी!"

जालिंदर ठसका लागेपर्यंत हसला. धुरपदाही हसली, आणि हा माणूस बरा हसतो, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"ग्रीक ऱ्हाऊ दे बाजूला," आक्काबाई म्हणाली. "फळ कवा धरनार ते बोल." उत्तराची वाट न बघता ती आत गेली, हिरव्या बांगड्या घेऊन आली आणि स्टुलावर चढली. एकेक बांगडी ती पपईच्या पानात घालू लागली. पान बांगडीहून केवढं तरी मोठं; ते दुमडून, चुरगळून ती देठावर सरकवू पाहत होती. स्टूल डुगडुगलं.

धुरपदा धावली, तिने आईला कमरेला धरलं. "आई, उतर खाली. हे झाड नर आहे. कितीही नटवलंस तरी याला फळ धरायचं नाही."

"तुला कवापास्नं ठावं?"

"पहिल्या फुलापासून."

आक्काबाई स्टुलावरच राहिली. जालिंदर बशीतल्या चहाकडे बघत बसला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं धुरपदाला लांबूनही दिसलं, आणि ते तिला सोसलं नाही.

"म्हंजी न्हाई म्हनायचं व्हतं तुला," चांगुणाबाई हळूच म्हणाली. "तसं सांगायचं की, पोरी. आम्ही काय रागावलो असतो?"

"नाही म्हणायचं नव्हतं, मावशी."

"मग?"

आईची कंबर न सोडता धुरपदाने मान वळवली आणि वर्गात बोलायच्या आवाजात सांगून टाकलं, "मी लग्न करीन. जालिंदररावांशीच करीन. पण शाळा सोडणार नाही. राहीन शिरूरला."