नमस्कार करणारा कोट

वल्लरीच्या, म्हणजे माझ्या नातीच्या, लग्नाची बोलणी आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये अगदी सुरळीत चालली होती. आणि सुरळीत चाललेलं काही माझ्याच्यानं बघवत नाही. नवरामुलगा शंभू. त्याचे आजोबा नागोराव खास वर्ध्याहून आलेले. ते म्हणाले, "कोटाचं कापड तुमी द्या, शिवून आमी घेऊ."

"शिवून कशाला घेता? मीच शिवतो की!" मी म्हणालो. "तरुणपणी एका संस्थानिकाच्या खास शिंप्याकडे उमेदवारी केलीय मी. महाराजांच्या हत्तीच्या झुलीला अस्तर मीच लावलं होतं. हत्तीनं सोंड वर करून पसंती दिली."

माझी बायको श्यामला चहा ओतता ओतता थांबली. "अहो, पायजम्यात नाडी ओवायला मला हाक मारता तुम्ही."

सगळे हसले, नागोराव सोडून. "मंग ठरलं," ते म्हणाले. "शंभू, आता दुसरा कोट पाहू नको. लग्नाच्या आधी इथंच येऊन घालून पाहू."

पाहुणे लिफ्टमध्ये शिरतात न शिरतात तोच वल्लरी कडाडली. "आजोबा, सीरियसली? तो खरंच दुसरा कोट घेणार नाही! शब्द म्हणजे शब्द, असं घर आहे ते. स्टेजवर काय बनियनवर उभा राहणार? शिवा आता!"

दुसऱ्याच दिवशी मी प्रेमलाबाईंच्या शिवणवर्गात. आमच्या गल्लीच्या टोकाला, पिठाच्या गिरणीच्या वर. आत सगळ्या बायका आणि मी.

"काय शिवायचंय?" बाईंनी विचारलं.

"अस्तराचा कोट."

"आधी काय शिवलंय?"

"हत्तीची झूल."

"इथे हत्ती येत नाहीत. टेप गळ्यात घाला आणि सरळ रेघ मारून दाखवा."

आणि काय सांगू, मंडळी, मला वेडच लागलं! इतकी वर्षं कोट म्हणजे बाहेरून दिसतं तेवढंच, असं मी समजत होतो. आत केवढा संसार असतो! छातीत कॅनव्हास, खांद्यात पॅड, कॉलरच्या पोटात हजारो बारके टाके, आणि एकही टाका बाहेर दिसता कामा नये. माझा पहिला कॅनव्हास इतका कडक झाला की अर्धवट कोट खुर्चीवर ठेवला तर नुसता बसून राहायचा. पेपरवाला त्याला रोज 'नमस्कार काका' म्हणून जायचा. इस्त्री करायला लागलो की वाफेनं आमच्या गल्लीत धुकं पडायचं. एक जोडपं महाबळेश्वर समजून खाली स्ट्रॉबेरीची चौकशी करत होतं.

मग अस्तर कापायचा दिवस आला. बाई म्हणाल्या, "पाठीत चार बोटं कापड जास्त ठेवा आणि त्याची मधोमध चुणी घाला. वरचं कापड दमानं घेतं, अस्तर घेत नाही. माणूस हलला की ते तटतटतं."

चार बोटं! चांगलं गुळगुळीत निळं कापड, आणि ते पाठीत दडवून ठेवायचं? कुणाला दिसणार ते? मी बेताबेतानं कापलं आणि उरलेल्या पट्टीतून टीव्हीच्या रिमोटला खोळ शिवली. बाईंना म्हणालो, "घातली चुणी."

पण खरी गंमत शेवटी. कोट आणि अस्तर उलट्या बाजूंनी चहूकडून शिवून टाकतात. समोर उरतं काय, तर दोरे लोंबणारं एक गाठोडं. फक्त अस्तराच्या एका बाहीत वीतभर शिवण मोकळी ठेवलेली. त्या भोकात हात घालून सगळा कोट बाहेर ओढायचा.

"ओढा!" बाई ओरडल्या.

आधी कॉलर आली, मग एक खांदा, मग दुसरा. वर्गातल्या बायका मशिनं सोडून धावल्या. "आला, आला!" असा गलका झाला की खालची गिरणी बंद पडली. आणि माझ्या हातात कोट होता! सुलट, आतून निळा, बाहेरून काळा. बाहीतलं भोक हातानं शिवून टाकलं आणि मी तो घरापर्यंत छातीशी धरून नेला.

ठरल्याप्रमाणे पाहुणे आले. मी प्रेमलाबाईंनाही बोलावलं होतं, साक्षीला. शंभूनं कोट चढवला. काय दिसत होता पोरगा! वल्लरी तर बघतच राहिली.

नागोरावांनी मात्र कॉलर उलटून पाहिली. "काहून हो, दिगंबरराव, दुकानातून आणला न? खरं सांगा. हे काम घरचं नाही वाटून राह्यलं मले."

इतकी वर्षं मी थापा मारतो आणि लोक माना डोलावतात. आयुष्यात पहिल्यांदा खरं केलं, तर पटेना!

"शंभू, आजीच्या पाया पड," नागोराव म्हणाले.

शंभू वाकला. फर्र्र्! पाठीतलं अस्तर कॉलरपासून कमरेपर्यंत उसवलं.

वल्लरीचा चेहरा पडला. प्रेमलाबाईंनी आतून हात घालून पाहिलं. "चुणी कुठाय?"

"रिमोटवर," श्यामला म्हणाली.

आणि नागोराव हसायला लागले. असे हसले की चष्मा काढावा लागला. "पटलं बाप्पा, पटलं! दुकानातला असा फाटला नसता. तुमीच शिवला. पण लग्नात शंभू दिवसभर वाकन, त्याचं काय?"

"इथंच करतो," मी म्हणालो आणि कोट काढून घेतला.

श्यामलेनं कपाटातून एक लालजर्द खण काढला, ओटीत आलेला आणि पुढच्या ओटीची वाट बघणारा. त्या खणानं मार्केट यार्डापासून बाणेरपर्यंत सगळं पुणं पाहिलंय, तीन वेळा आमच्याच घरी परत आलाय. त्याची पट्टी कापली. बाहीतली शिवण उसवून मी आतला सगळा कोट पुन्हा उलटा बाहेर काढला. बाई माझ्याकडे बघत होत्या, पण हात लावला नाही. श्यामलेच्या जुन्या मशिनवर लाल पट्टी पाठीत बसवली, चुणी घातली, आणि भोकात हात घातला.

"धरा हो, नागोराव!"

"कुठं धरू?"

"कॉलर आली की ओढा!"

ते ओढताहेत, मी ढकलतोय, वल्लरी "खांदा, खांदा!" म्हणून नाचतेय. सुळ्ळकन कोट बाहेर आला आणि नागोराव सोफ्यावर उताणे. उठून त्यांनी हुकूम सोडला, "शंभू, घाल. पड पाया. समद्यांच्या."

शंभू आजीला वाकला. प्रेमलाबाईंना वाकला. गलका ऐकून दारात आलेल्या शेजाऱ्यांना वाकला. प्रत्येक वेळी खोली श्वास धरून ऐकायची. काही नाही. मग तो माझ्यासमोर आला, खाली वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"आजोबा!" वल्लरी ओरडली. "आशीर्वाद द्या ना, किती वेळ ठेवणार त्याला तसं?"

माझं लक्षच नव्हतं. मी कान लावून त्याच्या पाठीचा आवाज ऐकत होतो, आणि आवाज येत नव्हता.