राजमतीचा चिंचोका

१९४६ साली कृष्णाकाठच्या आमच्या शाळेत मी मुलांना त्यांचा पंच निवडायला लावला. शाळेची घंटा कधी वाजवायची, हेही त्यांच्यावरच सोपवलं. राजमतीला ती तासभर उशिरा हवी होती. सकाळी नदीचं पाणी भरणाऱ्या मुलींची शाळा रोज बुडत होती. म्हणून ती पंचपदासाठी उभी राहिली; तिच्यासमोर उभा होता सगळ्यांचा लाडका नाथाजी.

दोघांच्या नावाचे दोन तांबे पडद्याआड ठेवले. प्रत्येकाने एकात चिंचोका टाकला. नाथाजीला बारा मिळाले, राजमतीला अकरा.

तिचे डोळे भरले. "गुरुजी, माजा चिंचोका बी त्याच्याच तांब्यात हाय."

"का गं?"

"आपणच आपल्याला कसं निवडायचं? लाज वाटती की!"

"मी न्हाई बा लाजलो!" नाथाजी म्हणाला. वर्ग हसला.

निकाल बदलणार नव्हता. मी म्हणालो, "राजमती, तुझं म्हणणं मांड."

"हरल्यावर बी बोलायचं असतंय व्हय?" नाथाजीने विचारलं.

"हो. आणि पंचाने ऐकायचं असतं."

राजमती उभी राहिली. "ज्यांच्यासाठी मी उभी ऱ्हायले, त्या चिंचोका टाकायला बी आल्या न्हाईत. आत्ता बी नदीवरच हायत."

नाथाजी नदीकडे बघू लागला. मग म्हणाला, "माजी भैन बनू बी तितंच हाय." घंटा उशिरा करण्यासाठी पहिला हात त्यानेच वर केला. मागोमाग बरेच हात वर झाले.

दुसऱ्या दिवशी बनू ओल्या परकरानेच धावत आली. राजमतीने तिला शेजारी जागा दिली आणि मला विचारलं, "गुरुजी, पुढली निवड कवा?"