लोहमार्गाच्या पश्चिमेला

विमलताईंनी डाळीच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला आणि बापूजींच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली. पडद्यावर प्रेरणा दिसली. कानटोपी, मफलर, बोलताना तोंडातून वाफ. मागे विटांच्या तीन मजली इमारती आणि पानं झडलेली झाडं.

“बाबा, दिसून राह्यलं का?”

“दिसते,” बापूजी म्हणाले. “कर सुरू.”

कापसाची वेचणी जोरात असताना बापूजी सकाळी घरी बसलेत, असं कळंबात कुणी पाहिलं नसेल. पण आज ते स्थळ पाहत होते. नागपुरात योगशास्त्र शिकून प्रेरणा ईशान्य चीनमधल्या शेनयांग शहरात योग शिकवायला गेली होती. तिथल्या वेई नावाच्या मुलाशी लग्न करायचं आहे, असं तिनं पावसाळ्यात कळवलं. पण बाबा हो म्हणतील तेव्हाच, हेही लगेच सांगितलं. दिवाळीपर्यंत बापूजी त्यावर एक शब्द बोलले नाहीत. मग भाऊबीजेच्या दिवशी फोनवर म्हणाले, ठीक आहे, गाव दाखव.

गाव पाहिल्याशिवाय मुलगी द्यायची नाही, हा त्यांचा नेम. थोरल्या नयनला ढाणकीचं स्थळ सांगून आलं, तेव्हा ते आधी एकटेच एसटीनं जाऊन आले होते. मुलाशी जुजबी बोलले. खरा वेळ त्यांनी गावात काढला. विहिरीचं पाणी चाखलं, दवाखाना पाहिला, आणि परतीची शेवटची गाडी कितीला असते, हे स्टँडवर दोघा-तिघांना विचारून घेतलं.

आता मोबाइल वेईच्या हातात होता. पुढे त्याचे वडील गुओ चालत होते. ठेंगणे, सत्तरीकडे झुकलेले, हात पाठीशी बांधलेले. ते थांबत, काहीतरी सांगत, आणि प्रेरणा ते वऱ्हाडीत आणून देई. शहराच्या या भागाचं नाव तिएशी. अर्थ अगदी साधा, लोहमार्गाच्या पश्चिमेला. पलीकडे जुनं शहर, मध्ये रेल्वे, आणि अलीकडे हे. हा मुलूख जपान्यांच्या ताब्यात असताना त्यांनी इथं कारखाने काढले. पुढे ते सरकारी झाले, वाढले. धुराड्यांमुळे धुतलेले कपडे बाहेर वाळत घालायची सोय नसायची, असं गुओ हसत सांगत होते. ते स्वतः विशीत लेथवर लागले. मग कारखाने तोट्यात गेले. काही बंद पडले, काही शहराबाहेर हलवले. गुओंनी टॅक्सी चालवून दिवस काढले. आता तिथं उंच घरं होती, बाजार होता. एका जुन्या ओतशाळेचं तेवढं संग्रहालय झालं होतं. तिच्यासमोर ते जरा जास्त वेळ उभे राहिले.

“म्हणजे आपल्या शकुंतलेसारखं झालं म्हण,” बापूजी म्हणाले. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी ती छोटी रेल्वे कधीच थांबली होती. प्रेरणानं हेही गुओंना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली. अख्खी रेल्वे बंद पडू शकते, हे त्यांना पटत नसावं.

बापूजींनी नदी विचारली. दक्षिणेला हुन नदी होती, थंडीत ती गोठे आणि पोरं तिच्यावर घसरगुंडी खेळत. यावर विमलताई मोबाइलच्या अगदी जवळ आल्या. जमीन विचारली. सपाट, शहराबाहेर मका आणि भात. मग सगळे जिने उतरून मेट्रोच्या फलाटावर आले. ही गाडी रेल्वेखालून थेट मोठ्या स्टेशनात जाते, आणि तिथून सकाळी निघालेला माणूस दुपारचं जेवण बीजिंगमध्ये घेतो, असं गुओंनी अभिमानानं सांगितलं.

“हे समदं ठीक,” बापूजी म्हणाले. “मी इथून निघालो त तुया घरी कवा पोचीन?”

प्रेरणानं खरं तेच सांगितलं. आधी नागपूर, मग दिल्ली, तिथून विमानं बदलत. दुसरा दिवस उजाडून मावळायचा.

विमलताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

“मोबाइल धरून पोरगा बापाच्या मागंमागं चालून राह्यला,” शेवटी बापूजी म्हणाले. “म्हाताऱ्याचे पाय हळू पडतात, पण हा एकडाव बी पुढं गेला नाही. माह्याकडून हो आहे.”

फलाटावर प्रेरणानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पडद्यावरचं चित्र हललं, म्हणजे वेईलाही भाषांतराची गरज पडली नसावी. गुओ मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा चढवला आणि आता ते विचारू लागले. कळंबला रेल्वे आहे का? बापूजींनी उत्साहानं सांगितलं, वर्ध्याहून नवी लाइन आली आहे, पुढे यवतमाळकडे जाते आहे. दवाखाना? आहे. उन्हाळ्यात पाणी पुरतं का? पुरतं. लोक बाहेरच्या माणसाशी बोलतात का?

उत्तरं देता देता बापूजींचा आवाज उतरत गेला. लग्नाला येणारा पाहुणा असं विचारत नाही. उन्हाळ्यातल्या पाण्याशी त्याला काय करायचं?

“प्रेरणा, हे काहून विचारून राह्यले?”

प्रेरणानं मफलर हनुवटीखाली ओढला.

“बाबा, वेईच्या कंपनीच्या मशिनी आपल्याकडच्या कापसाच्या जिनिंगमध्ये येऊन राह्यल्या. त्या बसवायचं काम त्याले भेटलं. लग्न झाल्यावर आमी कळंबलेच राहू.”

“मंग हे आधी कायले नाही सांगितलं?”

“आधी सांगितलं असतं त मी परत येते म्हणून तुमी हो म्हटलं असतं. मले वेईसाठी हो पाह्यजे होतं.”

विमलताईंच्या तोंडून हुंदका आला की हसू, ते त्यांनाच कळलं नाही. बापूजी पडद्याकडे पाहत होते. गुओ हात पाठीशी बांधून उभे होते. आपल्या प्रश्नावर एवढं काय बोलणं चाललं आहे, ते त्यांना समजत नव्हतं आणि मध्ये विचारायचा संकोचही वाटत होता.

“त्यायले सांग,” बापूजी म्हणाले, “फोनवर पाहून लेकरू देऊ नोका. आधी या. गाव पाहा, माणसं पाहा. नाही पटलं त नाही म्हणा, मले राग नाही येणार.”

प्रेरणाला ते सांगायला वेळ लागला. मध्येच गाडी आली, दारं उघडली, मिटली. तिघांपैकी कुणीच चढलं नाही. गाडी गेल्यावर गुओंनी टोपी काढून हातात घेतली आणि हळूच काहीतरी विचारलं.

“ते म्हणतात,” प्रेरणा म्हणाली, “जरा जास्त दिवस राह्यले त चालन का?”

बापूजींनी शेजारी पाहिलं. विमलताई तिथं नव्हत्या. आतल्या खोलीत भरून ठेवलेला कापूस कुठं हलवता येईल, ते त्या दाराशी उभ्या राहून पाहत होत्या.