जाळाविना उकळणारी कढई

कढईखाली काडीचाही जाळ नव्हता, तरी पाणी खदखदत होतं. जळगाव जामोदच्या मैदानात मांडवाबाहेरपर्यंत माणसं दाटली होती. मंचावर पांढरी वाफ पसरली. उष्णनाथ महाराजांनी कोपरापर्यंत हात कढईत घातला, हसत बाहेर काढला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"सातपुड्यातल्या झऱ्याचं पाणी आहे हे!" महाराज माईकवर गरजले. "यातले जीव उकळत्या पाण्यात जगतात. त्यांच्यातला विषाणू मंत्रानं झोपतो, मंत्रानं उठतो. तुमच्या अंगावरची नागीणही मी अशीच झोपवतो. खोटं वाटतं? मग शास्त्रज्ञाचंच ऐका!"

पडद्यावर मनाली दिसली. "कढत झऱ्यातबी जीव राह्यतात. त्यांच्यातला विषाणू झोपून राह्यतो, वेळ आली का जागा होतो." एवढ्यावर चित्रफीत थांबली.

मंचावर शाल पांघरून खुर्चीत बसलेले शंकरराव अभिमानानं ताठ झाले. मनाली त्यांची मुलगी. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती गरम झऱ्यांतल्या सूक्ष्मजीवांच्या विषाणूंवर काम करायची. गावच्या शाळेत तिनं केलेल्या भाषणाची ही चित्रफीत शंकररावांनीच महाराजांच्या माणसांना दिली होती. त्यांनी मागितलीच अशा अदबीनं! निवृत्त एसटी कंडक्टरला एवढा मान कोण देतो?

पहिल्या रांगेत त्यांची थोरली बहीण जनकाबाई बसली होती. कपाळापासून डाव्या पापणीपर्यंत नागिणीचे फोड उठले होते. चार दिवसांपूर्वी मांडव लागला, तेव्हा ती दवाखान्यात निघाली होती. शंकररावांनीच तिला इथं वळवलं; रोज हीच चित्रफीत, मंचावर रोज तेच. तेव्हापासून ती महाराजांचं पाणी डोळ्याला लावत होती.

तेवढ्यात खुद्द मनाली मांडवात शिरली. आत्याचं दुखणं फोनवर कळताच ती पुण्याहून निघाली होती. तिनं आत्याचा सुजलेला डोळा पाहिला, मग मंचावर खुर्चीत बसलेले वडील.

"आबा, तुमी इथं?"

शंकररावांनी अंगावरची शाल आवरून घेतली.

मनाली मंचावर चढली. "मावशी, चहाचं आधण ठेवलं का वाफ कुठं जाते?" तिनं समोर बसलेल्या, गावातल्या झुंबरबाईंना विचारलं.

"वर जाते, अजून कुठं?"

"मंग ही पाहा."

सगळ्यांनी पाहिलं. वाफ कढईच्या काठावरून खाली ओघळत होती, महाराजांच्या पायाशी लोळत होती. झुंबरबाई वर आल्या, पाण्यात बोट बुडवलं आणि ओरडल्या, "अवं माय, हे तं गार हाय!"

मनालीनं कढईशेजारच्या लांब झाऱ्यानं तळाशी दडवलेली जाळी उचलली. जाळीखाली पांढरे खडे धुमसत होते. "हात नका लावू, कातडी भाजल्यावानी होते. कोरडा बर्फ हाय हा, गोठवलेला वायू. लग्नात नवरा-नवरीच्या पायाशी धूर सोडतात, तो याचाच. पाण्यात पडला का वायू सुटतो अन् बुडबुडे येतात. तो हवेहून जड, म्हणून धूर खाली लोळतो."

"देवीचा कोप होईल!" महाराज किंचाळले.

"कोनाचा कोप बे?" मागून कुणीतरी ओरडलं. "पाणी काऊन गार हाय, ते सांग!"

"माह्यं पुढचं बोलणं यायनं कापलं," मनाली म्हणाली. "त्या विषाणूच्या जनुकांवर एक प्रथिन चिकटून बसते, म्हणून तो गप्प असते. त्या जीवाले अतिनील किरणांचा मार बसला का प्रथिन सुटते, अन् जनुकं एकामागून एक चालू होतात. मंत्राचं तिथं काईच काम नाही. अन् तो मानसाले होतबी नाही. नागिणीचा विषाणू येगळा. लहानपणी कांजिण्या झाल्या का तो नसांत दडून राह्यते, अंगातली ताकद कमी झाली का उठते. त्याच्यावर गोळ्या हायत, पण लवकर घ्या लागतात."

महाराज मागच्या कनातीतून कधी निसटले, कळलंही नाही.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी जनकाबाईचा डोळा वाचवला, पण बुबुळावर डाग राहिला. लवकर आणलं असतं तर तोही टळला असता, असं ते म्हणाले.

"अक्का, माह्यं चुकलं," शंकरराव खाटेपाशी पुटपुटले.

"मले त्या बुवाचं काई खरं वाटत नव्हतं रे," जनकाबाई म्हणाली. "पण पडद्यावर मनी दिसली, खुर्चीत तू दिसला. म्या म्हटलं, आता काय इचाराचं?"

तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शंकररावांना वाटलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ते भाजीच्या दुकानांपाशी उभे राहिले. "माह्या बहिणीच्या डोळ्यात डाग पडला, तो माह्यापायी," ते मोठ्यानं म्हणाले. "कोन सांगते, ते पाहू नका. माही पोरगी सांगत असली तरी इचारा, सोता हात घालून पाहा. अन् दुखण्याले पह्यले दवाखाना दाखवा!"

काही जण थांबले, काही हसून पुढं गेले. शंकररावांचे कान लाल झाले होते. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.