काठावरचे ठोकळे

लेक धुळीवर पीएचडी करते, हे बाबा कोणाला सांगत नसत. आयुष्यभर लोकांच्या घरात फरश्या बसवलेल्या माणसाच्या मुलीने शेवटी धूळच निवडावी, हे त्यांना जरा लागलं होतं.

खरं तर धुळीच्या कणावर पडलेला प्रकाश कुठेकुठे विखुरतो, याचं गणित ती कॉम्प्युटरकडून करून घेत होती. त्यासाठी कण बारीक ठोकळ्यांनी रचायचा. पद्धत खरी की खोटी, हे आधी गुळगुळीत गोळ्यावर पारखायचं. गोळ्याचं अचूक उत्तर शंभर वर्षांपासून माहीत आहे. तिचं उत्तर सहा टक्के जास्त येत होतं. सोमवारपर्यंत जुळलं नाही, तर मार्गदर्शक हे काम दुसऱ्याला देणार होते. "गोळ्यातच गोता खाणारी धुळीत काय दिवे लावणार?" असं ते प्रेमाने म्हणालेही होते.

रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी डोकं धरून बसली होती. बाबा चहा घेऊन आले आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत उभेच राहिले.

"हे काय गं?"

"गोळा."

"याला गोळा म्हणतात? मी असा गोल चौथरा केला असता, तर मुकादमाने मला त्यातच गाडलं असतं."

"बाबा, प्लीज."

"काठावरच्या फरश्या कापल्याच नाहीस तू."

"ठोकळे कापता येत नाहीत. काठाला टेकला की अख्खा आत."

"मग गोळा सुजला की, बाई! मोजून बघ. माल जास्त भरलाय."

तिने ठोकळे मोजले, गुणाकार केला. माल जवळपास सहा टक्के जास्त होता. चार महिने ती बिचाऱ्या प्रकाशाला दोष देत होती.

"आता?" तिचा आवाज एवढासा झाला.

"कापायच्या नाहीत ना? मग सगळ्याच केसभर लहान घे. एकूण माल बरोबर भरला म्हणजे झालं."

कॉम्प्युटर घरघरला, चहावर साय आली. चूक उरली अर्धा टक्का.

"हा अर्धा कुठे गेला?" बाबांनी असं विचारलं, जणू तो त्यांनीच मोजून दिला होता.

"काठाच्या पायऱ्यांत. तो जात नाही."

"मग लपवू नकोस. कोपऱ्यातला जोडतुकडा आपणच आधी दाखवावा. गिऱ्हाइकाला सापडला, तर अख्खी जमीन उकरायला लावतं."

तिने तक्त्याखाली अर्धा टक्का लिहिला आणि त्याखाली आभार: 'काठाबद्दल, माझ्या वडिलांचे.' सोमवारी मार्गदर्शकांनी दोन्ही ओळी वाचल्या, चष्मा पुसला आणि काम तिच्याकडेच ठेवलं.

आता बाबा सगळ्यांना सांगतात, लेक धुळीवर पीएचडी करते. चूक अर्धा टक्का, हेही सांगतात. कोणी न विचारता.