पाच नंबरचं कुलूप

हंबीररावांचा फोन आला तेव्हा उत्कर्षा बेअरिंगचे खोके मोजत होती. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ती स्टोअर सांभाळायची. हंबीरराव म्हणजे तिचे सासरे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि आता कोरेगावच्या पलीकडे गावी ऊस करणारे. फोनवर ते जेवढ्यास तेवढं बोलत. वायरलेसवर बोलायची सवय लागलेला माणूस, उगाच शब्द खर्च करायचा नाही.

"हिरीत उतरतोय. मोटरच्या केबलचा जोड उघडा पडलाय. कुलूप लावलंय."

"लागलं ना नीट, आबा?"

"व्हय. बाई बदलल्यात आज, लय बोलत्यात. पर पाच दाबलं, आन नोंद झाली म्हणल्या."

उत्कर्षानं बरं म्हणून फोन ठेवला. खोक्यांची मोजदाद चुकली होती, ती पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

हे कुलूप म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. कालव्याचं पाणी ज्याच्या हुकमानं सुटतं त्याला आपल्याकडे पाटकरी म्हणतात. सांगलीच्या एका कंपनीनं ते नाव उचललं आणि मोटरच्या स्टार्टरवर बसवायच्या एका पेटीला दिलं. वर्षाची वर्गणी भरायची, मग थ्री फेज लाइट आली की पेटी आपोआप मोटर चालू करणार, लाइट गेली की बंद. रानात हेलपाटे घालायला नकोत. या सगळ्या चैनीत खऱ्या उपयोगाची गोष्ट एकच होती. विहिरीत कुणी उतरणार असेल तर साध्या बटणाच्या फोनवरून कंपनीचा नंबर लावायचा आणि पाच दाबायचं. एक बाई सावकाश, शुद्ध मराठीत सांगायची, "मोटर कुलूपबंद झाली आहे. निर्धास्त उतरा." मग लाइट येवो की जावो, वर आलेल्या माणसानं सहा दाबल्याशिवाय मोटर हलायची नाही.

हंबीररावांना ही पेटी नकोच होती. विहिरीत उतरायचं तर फ्यूज काढून खिशात टाकायचे आणि मग उतरायचं, ही त्यांची जुनी रीत. आपला जीव आपल्या खिशात, असं ते म्हणायचे. पेटी बसली की फ्यूज कंपनीच्या सीलबंद डब्यात जाणार, यावर दोन महिने घरात वाद चालला. त्यांचा मुलगा वीरधवल, म्हणजे उत्कर्षाचा नवरा, सिक्कीमकडे फौजेत. तेव्हा सासऱ्याशी भांडायचं कामही सुनेच्याच गळ्यात. शेवटी ती म्हणाली, "आबा, माणूस फ्यूज काढायला विसरतो. ही बाई विसरत नाही." म्हाताऱ्यानं ते मानलं आणि पेटी बसली.

तिसऱ्या खोक्यापाशी उत्कर्षाचा हात थांबला. बाई बदलल्यात, असं आबा म्हणाले होते. बाई कशी बदलेल? ती काय माणूस होती, बदली व्हायला?

तिनं मोबाइल काढून पाटकरीचं अ‍ॅप उघडलं. सवलती आणि शुभेच्छांच्या ढिगाऱ्यात चार दिवसांपूर्वीची एक सूचना पडली होती. तुमचा अनुभव अधिक सोपा करण्यासाठी आम्ही उत्सुक आहोत, अशी तिची सुरुवात होती. कंपन्या एवढ्या उत्सुक झाल्या की गिऱ्हाइकानं खिसा दाबून धरावा. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की फोनवरून चालणारं कुलूप एक तारखेपासून बंद करण्यात येत आहे. ते आता फक्त गोल्ड योजनेत, अ‍ॅपमधून मिळेल.

आज दोन तारीख होती.

तिनं कंपनीचा नंबर लावला. नवी बाई भरभर बोलत होती. नव्या योजनांसाठी एक, बिलासाठी दोन, आणि असंच पुढं. अभिप्राय देण्यासाठी पाच. उत्कर्षानं पाच दाबलं. "तुमची नोंद झाली आहे. धन्यवाद."

म्हणजे कुलूप लागलंच नव्हतं. अ‍ॅपमध्ये मोटरच्या नावापुढं लिहिलं होतं, स्वयंचलित, पुढील सुरुवात दुपारी बारा वाजता. भिंतीवरच्या घड्याळात अकरा अडतीस झाले होते. बाराला लाइट येणार, आणि त्या वेळी तिचा सासरा छातीभर पाण्यात उभा राहून उघडा जोड हातात धरणार.

तिनं हंबीररावांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. वाजणारच होती, कारण विहिरीत उतरताना ते फोन पिशवीत घालून काठच्या बाभळीला अडकवत आणि विहीर होती पन्नास फूट खोल. तिनं चार वेळा लावला. सासूबाई साळूबाई गावात, विहिरीपासून दोन किलोमीटरवर, आणि त्यांच्याकडे फोनच नाही. शेजारच्या रानाचे भाऊसो तरी उचलतील म्हणून त्यांना लावला. ते निघाले उंब्रजला, भाचीच्या साखरपुड्यात. मागं सनई वाजत होती. सगळं ऐकून घेतल्यावर भाऊसो म्हणाले, की गावातनं कुणाला तरी पळवतो, पण वाटेत ऊसतोड लागलीय, ट्रॅक्टर आडवे उभे आहेत, वीस-पंचवीस मिनिटं तरी धर. सबस्टेशनचा फोन लागतच नव्हता. गाडीवरून स्वतः जायचं तर पाऊण तास.

राहिलं अ‍ॅप. स्वयंचलित बंद करा, असं एक बटण त्यात होतं. तिनं ते दाबलं. उत्तर आलं की तुमच्या सुरक्षेसाठी मालकाच्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे, तो इथे टाका.

मालकाचा नंबर बाभळीला लटकत होता. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिकडं फांदीवर एकामागून एक ओटीपी येत असणार, आणि वाचायला कावळेसुद्धा नसणार.

मग ग्राहक सेवा. तिथं आधी बासरी लागली. तुमचा वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे, असं कुणीतरी दर अर्ध्या मिनिटाला सांगत होतं. उत्कर्षा उभीच होती, बसायचं तिला सुचलं नाही. अकरा सत्तेचाळीसला बासरी थांबली.

"नमस्कार, पाटकरीमध्ये आपलं स्वागत आहे. मी प्रीती, सांगलीहून. आपल्याला काय मदत करू शकते?"

उत्कर्षानं एका दमात सांगितलं. पलीकडची मुलगी पाठ केलेलं बोलत होती. "मॅडम, ती सुविधा बंद झालेली नाही. ती गोल्डमध्ये हलवली आहे."

"मग गोल्ड करा. आत्ता करा. काय असतील ते पैसे घ्या."

"नक्कीच, मॅडम. त्यासाठी मालकांच्या नंबरवर ओटीपी जाईल."

"मालक विहिरीत आहेत."

"ठीक आहे, मॅडम. मग ते वर आल्यावर आपण..."

"ते वर येणार नाहीत." उत्कर्षाचा आवाज तिलाच ओळखू येईना. "बाराला लाइट येईल, उघड्या वायरीत उतरेल, आणि मग त्यांना दोर लावून वर काढावं लागेल. कळतंय का तुम्हाला मी काय सांगतेय? तुम्ही कुलूप काढून टाकलंत आणि त्याच नंबरवर अभिप्राय ठेवलात. म्हाताऱ्या माणसानं पाच दाबलं, तुमची बाई नोंद झाली म्हणाली, आणि तो उतरला."

   पलीकडून आवाज आला, दबका, आणि पाठ केलेलं सगळं त्यातून गळून गेलेलं.

"ताई, खाली एकलंच हाईत का?"

"एकटेच."

"आमचं अण्णाबी हिरीत उतरत्यात. आयका. मला मोटर बंद करता येत न्हाई, कुलूपबी लावता येत न्हाई. वरच्या सायबाला इचारायला गेले तर बारा वाजून जातील. पर वर्गणी थकली की कंपनी सोताहून पेटी तोडती, मग लाइट आली तरी मोटर हलत न्हाई. त्याला कुणाचा ओटीपी लागत न्हाई. तुमचं खातं थकबाकीत टाकू का?"

"टाका."

गिऱ्हाइकाचा जीव वाचवायचा तर ओटीपी हवा, आणि वसुलीला मात्र नको. असल्या व्यवहाराला काय नाव द्यावं ते सुचायला उत्कर्षाला तेव्हा वेळ नव्हता. तिला तिकडची बटणं ऐकू येत होती.

"टाकलं," प्रीती म्हणाली. "पेटीला हुकूम पोचायला पाच-सात मिन्टं लागत्यात. तिथं रेंज असती न्हवं?"

"असते कधी कधी."

 मग प्रीतीनं आपल्या नेहमीच्या आवाजात, जरा मोठ्यानं, पाटकरीला संपर्क केल्याबद्दल धन्यवाद म्हटलं. तिच्यामागं कुणीतरी येऊन उभं राहिलं असावं.

अकरा त्रेपन्न. स्वयंचलित, पुढील सुरुवात बारा वाजता. उत्कर्षा अंगठ्यानं पडदा खाली ओढायची, तो पुन्हा तेच दाखवायचा. अकरा छप्पन्न. तेच. देवाचं नाव घ्यावं तर कुठल्या देवाचं घ्यावं हेही तिला आठवेना. एक मदतनीस चलन घेऊन आला आणि तिचं तोंड बघून तसाच परत गेला. अकरा अठ्ठावन्नला पडद्यावर लाल पट्टी आली. सेवा खंडित. कृपया थकबाकी भरा.

एवढा सुंदर मजकूर तिनं आयुष्यात वाचला नव्हता. पण पट्टी फोनवर आली म्हणून पेटीनं ऐकलं असेल कशावरून? बारा वाजले. बारा पाच झाले. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय हे तिला त्या दिवशी कळलं. भाऊसोंनी पळवलेला माणूस अजून ट्रॅक्टरांतच अडकल्याचं कळलं. बारा दहाला तिनं आबांना फोन लावला, रिंग वाजत राहिली. पुन्हा लावायचं धाडस तिला होईना.

बारा बावीसला फोन आला. आबा.

"उत्कर्षा, वर्गणी भरली न्हाईस काय गं तू?"

ती खोक्यावरच बसली.  हंबीरराव मात्र चांगलेच तापले होते. जोड झाला, वर आलो, सहा दाबलं तर मोटर हलंना, आणि फोनवर मेसेज आलाय, थकबाकीदार ग्राहक. सोसायटीच्या फळ्यावर थकबाकीदारांची नावं लागतात. त्यात त्यांच्या वडिलांचं नाव कधी लागलं नाही, त्यांचं लागलं नाही, आणि ही कालची कंपनी त्यांना थकबाकीदार म्हणते. शेजारच्या मोटरी धडाधडा सुरू झाल्या तेव्हा आपण अजून पाण्यातच होतो, हेही त्यांनी सांगून टाकलं, पण ते सहज, जाता जाता.

"आबा," ती म्हणाली, "वर बसा. काठापासून लांब बसा. सांगते."

तिनं सगळं सांगितलं.  

"म्हंजी म्या पाच दाबलं ते..."

"अभिप्राय, आबा."

"तू म्हणाली हुतीस, ती बाई इसरत न्हाई म्हणून. तवा म्या पुन्यांदा इचारलं न्हाई."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, ठपका नव्हता, झालं तसं सांगितलं होतं. उत्कर्षाला ते सोसलं नाही. स्टोअरच्या कडी घातलेल्या दारामागं ती पोटभर रडली, मग अर्धी सुट्टी टाकली आणि गाडी काढून गावी निघाली.

चार वाजता दोघं विहिरीच्या काठावर बसले होते तेव्हा हंबीररावांचा फोन वाजला. पाटकरीचे कुणी मोठे साहेब होते. उत्कर्षानं आवाज मोठा केला. साहेब फार गोड बोलत होते. झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे, म्हणाले. आमच्या एका प्रतिनिधीनं नियम मोडून, तुमची काहीही बाकी नसताना, तुमचं नाव थकबाकीत टाकलं. तुम्हाला जो मनस्ताप झाला त्याबद्दल एक वर्ष गोल्ड योजना मोफत देतो, कुलपासकट. फक्त प्रतिनिधीनं तुम्हाला न विचारता हे केलं एवढं होय म्हणा, हा कॉल रेकॉर्ड होतोय.

उत्कर्षानं तोंड उघडलं, पण हंबीररावांनी हात वर केला.

"त्या पोरीचं काय करणार तुमी?"

"सर, ती आमची अंतर्गत बाब आहे."

हंबीररावांनी विहिरीकडं पाहिलं. पाण्यावर आजचा नवा जोड दिसत होता, काळी पट्टी घट्ट गुंडाळलेला. मग त्यांनी फोन तोंडाजवळ घेतला.

"पोरीनं बराबर केलं. वर्गणी थकली हुती."

"नाही सर, आमच्याकडे मार्चपर्यंत भरल्याची नोंद आहे."

"तुमची नोंद आमी सकाळी बघितली. आता मी सांगतो ती घ्या." एखाद्या अधिकाऱ्यासमोर उभं राहावं तसे ते उठून उभे राहिले. उत्कर्षाही उठली. "हंबीरराव दत्ताजी बर्गे. तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा. थकबाकीदार."