मा इयोहचं गप्प चॅनेल

“आता तोंड बंद,” मा इयोह म्हणाली आणि तिनं खमिराची डबी उघडली.

मी फोन धरून उभी. निवलेल्या चिकट भातावर खमिराची पूड पडायला लागली, की आमच्या कुनिंगान गावात कुणी बोलत नाही. बोललं, तर तापे, म्हणजे हा खमिरानं मुरवलेला भात, गोड व्हायच्या ऐवजी आंबतो, असं आज्यांपासून चालत आलंय. खरं-खोटं मला विचारू नका, माझं मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. पण ही बासष्ट वर्षांची शेजारीण दर शुक्रवारी तापे करते, एकेक घास जांबाच्या पानात बांधून बादलीत रचते आणि मी त्याचा व्हिडिओ टाकते. गाणं नाही, बडबड नाही. दोन वर्षांत फॉलोअर तीनशे बारा, त्यातले निम्मे नातेवाईक.

“हजार झाले की लाइव्ह करता येतं ना गं, निंग?” ती सारखी विचारायची. लाइव्हवर तिला शिकवायचं होतं. दोन्ही मुली कारखान्यात, गल्लीत कुणाला हौस नाही. “माझ्या हातातलं कुणाच्या तरी हातात गेलं पाहिजे. मग मी सुटले.”

म्हणून मी बांडुंगच्या देदेनला इथं येऊन व्हिडिओ करायची महिनाभर गळ घातली. त्याचे आठ लाख फॉलोअर. आला बिचारा. पोरगा गोड, पण तोंडाची टकळी थांबेल तर शपथ.

“बाळा, आता जरा गप्प,” डबी उघडताना मा म्हणाली.

“मा, मी गप्प बसलो तर लोक पळतात. तुम्हीपण बोला ना. कुणी शिकवलं हे तुम्हाला?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. चूक माझीच. ती बोलली, आईबद्दल बोलली, छान बोलली. बोलण्याच्या नादात भाताला खालून हात लावून बघायचं मात्र राहिलं.

तिसऱ्या दिवशी देदेन पुन्हा आला. कॅमेरा सुरू झाला. मानं पान सोडलं, घास तोंडात टाकला आणि तिचा चेहराच उतरला.

देदेन हळूच म्हणाला, “गोड आहे म्हणा, मा. फोनमधून कुणाला चव कळतेय?”

माझ्या डोळ्यांसमोर आठ लाख माणसं.

“आंबलाय,” मा कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली. “भात आतून कोमट होता. मी बघितलं नाही.”

देदेननं तो व्हिडिओ कधी टाकलाच नाही. तो गेल्यावर मी तिच्यावर उखडले. “एक शब्द, मा! हजार काय, पंचवीस हजार आले असते.”

“आणि त्यांना मी काय शिकवलं असतं? खोटं बोलायला?” ती भांडी आवरत म्हणाली. “तुझ्याही फोनमध्ये आहे ना ते? टाक.”

मला तिचा भयंकर राग आला होता. आणि खरं सांगते, इतका अभिमान मला माझ्या सख्ख्या माणसांचाही कधी वाटला नव्हता. धुसफुसत टाकला व्हिडिओ.

काही धमाका वगैरे झाला नाही. पण सोमवारी मकासरच्या एका बाईनं फोटो पाठवला. प्लास्टिकच्या डब्यात पाणी सुटलेला भात. ‘मा, माझाही आंबला. आजवर लाजेनं कुणाला विचारलं नाही.’ मग लाम्पुंगची एक नवी सून. मग जहाजावरचा एक आचारी. मा सांगते, मी टाइप करते. तांदूळ किती वेळ भिजवला, झाकण कितीदा उघडलं, एकेकाला खोदून विचारते. मकासरच्या बाईचा चौथ्या खेपेला गोड झाला, तेव्हा मानं गल्लीभर सांगितलं.

हजार अजून झालेले नाहीत.

काल संध्याकाळी ती दुकानात आली, स्टूल ओढून बसली. मी सवयीनं आकडा सांगितला, “चारशे सदुसष्ट.”

“ते राहू दे,” चष्मा पुसत ती म्हणाली. “आंबट मेसेज किती आले?”

“सात.”

“वाच पहिला.”